दाजींचा आवाज आणि माझी कीर्द

गेल्या हंगामात दाजींनी मला पोकरच्या एका हातात, म्हणजे एका डावात, दोनशे चिंचोक्यांना लोळवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी चिंचोक्यांचं सांगतो. आमच्यात पैसे लावत नाहीत. डॉक्टरांच्या घरी वर्षाची चिंच फोडून झाली की वहिनी चिंचोके धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवतात. शनिवारी रात्री प्रत्येकाला त्यातले दोनशे मोजून मिळतात. उठताना कुणाकडं किती उरले ते माझ्या वहीत उतरतं, आणि हंगामाच्या शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात खाली, त्यानं रस्सा मंडळाची, म्हणजे सगळ्यांच्या मटणाच्या जेवणाची, भांडी घासायची. तांबड्याचं पातेलं, पांढऱ्याचं पातेलं, सुक्क्याची कढई आणि वीस-बावीस ताटं, परसात पाऊस पडत असताना. पैशाशिवाय पोकरला काय मजा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा ते पांढऱ्याचं पातेलं बघून जावं.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून गुऱ्हाळं थंड होईपर्यंत मला वार कळत नाहीत. गुढीपाडवा झाला, आवक उतरली, की मग मंगळवार पेठेत डॉक्टरांच्या माडीवर आमची बैठक बसते. आखाड संपायच्या आत मोडते, कारण श्रावण लागला की रस्सा मंडळ कुठलं?

आम्ही सहा जण. मी, दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, डॉक्टर (जनावरांचे), त्यांच्या मिसेस म्हणजे आमच्या वहिनी, आणि ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारे सर. पूर्वी आम्ही तीन पत्ती खेळायचो. तेव्हा सर दर शनिवारी एकच तक्रार करायचे. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यात ट्रेल (तिन्ही पानं सारखी) ५२ आणि प्युअर सीक्वेन्स (एकाच रंगाची ओळीनं तीन) ४८. म्हणजे प्युअर सीक्वेन्स दुर्मिळ, तरी ट्रेल मोठी. "हा अन्याय आहे," असं ते खरंच मनापासून म्हणायचे. लॉकडाऊनमध्ये भाचा फोनवर फुकटच्या चिप्सवर पोकर शिकला आणि त्यानं ते माडीवर आणलं. (ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा माझ्या बहिणीनं देवीला साडी नेसवली. पोरगं पैसे लावतच नव्हतं, पण तिला पटवणार कोण?)

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन पानं झाकून. मध्ये पाच पानं उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग एक. त्यांना फ्लॉप, टर्न, रिव्हर म्हणतात. आपली दोन आणि मधली पाच, यातून पाचांचा सगळ्यात चांगला हात लावायचा. पानं पडायच्या आधी आणि प्रत्येक टप्प्यानंतर लावायचं, वाढवायचं, नाहीतर पानं टाकायची. एवढंच.

तर तो हात. माझ्याकडं राजा-गुलाम. दाजींनी फ्लॉपच्या आधीच वाढवलं, ते नेहमीसारखं, म्हणजे मांडीवर थाप मारून, "आता बघा पावणं, नाद करायचा न्हाय!" दाजींचा आवाज असा आहे की खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकतं. उद्यमनगरात त्यांची फौंड्री आहे, आयुष्य मशीनच्या आवाजावर ओरडण्यात गेलंय. फ्लॉपला राजा, सत्ती, तिर्री. मला राजाची जोडी लागली. दाजी लावत गेले आणि बोलत गेले. टर्नला दुर्री, रिव्हरला नश्शी. दाजींनी सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढं ढकलले आणि म्हणाले, "हाय काय दम?"

मी विचार केला तो असा: हा माणूस बुलेटवरनं रंकाळ्याला चक्कर मारतानासुद्धा हॉर्न सोडत नाही. मुलीच्या लग्नात चारशे पानांचा अंदाज असताना सातशे जेवून गेले तरी हसत होता. हा बिनधास्त माणूस आहे, हा रेटतोय. मी दोनशे पुढं केले. दाजींच्या हातात दोन सत्त्या होत्या. मधली धरून तीन.

घरी जाताना वाईट वाटलं ते चिंचोक्यांचं नाही. सौद्यात मी असा कधीच फसत नाही. तिथं व्यापारी घोळक्यानं एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरतात, आणि गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, तुकडा मोडून बघत "रंग न्हाई, रंग न्हाई" म्हणत सगळ्यात जास्त तोंड वाकडं करणारा शेवटी तोच ढीग उचलतो, हे मला वीस वर्षांपूर्वीच कळलंय. मी त्यांच्या तोंडाकडं बघत नाही. कोण कितीव्या बोलीला आत येतो आणि कुठं थांबतो, ते बघतो. मग माडीवर मी दाजींच्या आवाजाकडं का बघत बसलो? तर व्यापाऱ्यांना मी ओळखत नाही आणि दाजींना ओळखतो, म्हणून. निदान ओळखतो असं समजून चालत होतो.

दुसऱ्या शनिवारपासून मी कीर्द घातली.

हिशोबाची वही माझ्याकडंच असायची, त्यामुळं मी सारखा काय लिहितोय असं कुणी विचारलं नाही. कीर्दीत प्रत्येक हात: कोण स्वतःहून आत आला, वाढवून आला की नुसता मागं आला, शेवटी पानं दाखवली तर कुठली. रविवारी सकाळी बसून त्याची खतावणी, प्रत्येकाचं पान वेगळं. आम्ही रात्री साठ-पासष्ट हात खेळतो. पहिल्या रविवारी मला वाटलं, आता कळलं सगळं. चौथ्या रविवारी पहिल्या रविवारचं निम्मं खोडावं लागलं. साठ हातांत एखाद्याला सुरेख पानं आली तर तो उगाच धाडसी दिसतो, आणि नाही आली तर कंजूष. अडीचशे हात झाल्यावर आकडे जरा जाग्यावर बसायला लागले.

ऑनलाइन खेळणाऱ्यांची यंत्रं नेमकं हेच मोजतात असं भाच्यानं नंतर सांगितलं. शंभर हातांत माणूस किती वेळा आपणहून पैसे घालतो, त्याला ती मंडळी व्हीपीआयपी म्हणतात. सहा जणांच्या टेबलावर तरबेज खेळाडूचा हा आकडा साधारण वीस-पंचविसाच्या घरात असतो. दुसरा प्रश्न असा की, आत येताना तो वाढवतो की कुणाच्या तरी मागं मागं येतो. या दोन प्रश्नांतून खेळाडूंच्या चार जाती पडतात. इंग्रजीत त्यांना नावं आहेत. मी खतावणीत माझीच लिहिली: हात आखडता की सढळ, आणि ठोकणारा की मागं जाणारा.

दाजींचा आकडा निघाला अकरा.

मी दोनदा बेरीज केली. अकरा! शंभर हातांतले एकोणनव्वद हा माणूस पानं टाकून देतो, फक्त टाकताना इतका गोंधळ घालतो की आपल्याला वाटतं तो प्रत्येक हातात आहे. सरांना विचारलं तर त्यांनी तोंडी गणित केलं. दोन पानांच्या १,३२६ जोड्यांत हातातच जोडी यायची शक्यता सतरात एक, म्हणजे शंभरात जेमतेम सहा. एक्का-राजा आणि एक्का-राणी धरले तर सव्वाआठ. मग अकरात उरलं काय? राजा-राणी आणि असलं एखाद-दुसरं. म्हणजे दाजींनी वाढवलं की त्यांच्याकडं असतं. विषय संपला.

असा आखडत्या हाताचा खेळाडू एरवी फार मिळवत नाही. त्यानं हात पुढं केला की सगळे शहाणे पानं टाकतात आणि त्याच्या वाट्याला पहिले लावलेले तीन चिंचोके येतात. दाजींना मात्र मिळायचं, कारण त्यांचा आवाज ऐकून माझ्यासारखा कुणीतरी दोनशे घेऊन उभा राहायचाच. मला वाटलं, काय डोकं आहे या माणसाचं! बहिणीला विचारलं, दाजी मुद्दाम करतात काय गं हे? ती म्हणाली, "मुद्दाम कसलं, दूध आणायला जातानासुद्धा असंच वरडत जात्यात."

तिनंच आठवण करून दिली की दाजी तरणेपणी तालमीत होते, आणि त्यांच्या कुस्तीला लोक वैतागायचे. खडाखडीच चालायची. दहा-दहा मिनिटं हाताला हात, मानेवर मान, पट काढायचं नाव नाही. कडेनं लोक ओरडायचे, "अरे कुस्ती कर की!" समोरचा कंटाळून आत शिरला की दाजी त्याच्यावर. हे मला माहीत होतं. लहानपणी त्या कडेला बसून मीही ओरडलोय.

सरांचं पान वाचून मला हसू आलं. पांढरा शर्ट, दोन पेनं, बोलणं तोलून मापून. आम्ही त्यांना सगळ्यात सावध समजायचो. आकडा सत्तावन्न, आणि वाढवणं जवळजवळ नाहीच. कुणीही कितीही लावो, सर मागं येतात. एका रात्री त्यांच्याकडं बदामची दोन आणि फ्लॉपला बदामची दोन. अजून एक बदाम आलं की रंग. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम, म्हणजे पुढच्या एका पानावर शंभरात एकोणीस, टर्न आणि रिव्हर दोन्ही मिळून पस्तीस. वहिनींनी चाळिसाच्या ढिगावर चाळीस लावले. ऐंशीसाठी चाळीस घालायचे, म्हणजे तीनात एकदा तरी जमलं पाहिजे, तरच तोटा नाही. आणि टर्न पडला की वहिनी पुन्हा लावणार हे ठरलेलं, म्हणजे या चाळिसात एकच पान विकत मिळतंय. हे गणित मला सरांनीच शिकवलेलं. त्यांनी चाळीस घातले. टर्न इस्पिक. वहिनींनी परत लावले, सरांनी परत घातले. रिव्हर किलवर. वहिनींनी परत लावले आणि सरांनी, हातात काहीही नसताना, परत घातले!

"सर, तुम्हाला माहीत होतं की नाही, आता काही उरलं नाही?"

"माहीत होतं. पण टाकलं असतं तर वहिनींकडं काय आहे ते कळलं नसतं ना."

या माणसाला चिंचोक्यांची हाव नाही आणि हरायची भीती नाही. गणिताचं उत्तर न बघता पुस्तक मिटायला लागतं, ते त्याला सोसत नाही. हे कळल्यावर मी दोन गोष्टी केल्या. सरांसमोर ब्लफ मारणं बंद, कारण जो पानं टाकतच नाही त्याला घाबरवून उपयोग काय? आणि माझ्याकडं बरी जोडी असली की भाव वाढवून लावायचे. सरांना फसवायचं नाही, सरांना विकायचं. त्या हंगामात माझ्याकडं जे काही जमा झालं ते बहुतेक सरांकडूनच.

डॉक्टरांचं पान मला कितीतरी दिवस कळेना. आकडा तेहतीस, ना धड आखडता ना सढळ. मग एका रविवारी बाहेर मुसळधार पाऊस होता आणि आम्ही सगळे कोल्हापूरकर पावसाळ्यात जे करतो तेच मी करत होतो, फोनवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होतो. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. पण पंचगंगेच्या काठच्या माणसाला नुसतं "अडतीस" सांगून चालत नाही. तो विचारतो, चढतंय की उतरतंय? मी कीर्द परत काढली आणि डॉक्टरांची रात्र तासातासानं मांडली. पहिले दोन तास वीस. मग कधीतरी ते एखादा मोठा हात दैवानं हरतात, समोरच्याला रिव्हरला नेमकं पान येतं, आणि तिथून पुढं पन्नास. रात्री दोनला अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून शांत राहणारा हा माणूस, पण रिव्हरचं एक पान त्याला सहन होत नाही. खूण साधी आहे. ते दोनदा "ठीक आहे, ठीक आहे" म्हणतात. एकदा म्हणाले तर खरंच ठीक असतं.

भाच्यानं मला सगळ्यात जास्त दमवलं. पोरगं घरात बोलत नाही. मामा म्हणून माझ्याकडं काही मागितलं असेल तर ते चार्जर. माडीवर मात्र आकडा एक्केचाळीस, आणि नुसतं मागं येणं माहीतच नाही, आला की वाढवतोच. बाप बोलतो आणि खेळत नाही, लेक खेळतो आणि बोलत नाही. मी म्हटलं, सापडला. एवढ्या हातांत काही दर वेळी चांगली पानं नसतात, म्हणजे हा पोकळ घिस्सा मारतोय. मी कुठलीही जोडी घेऊन त्याला भिडायला लागलो. तीन शनिवार भिडलो आणि तिन्ही वेळा चीत झालो.

शेवटी त्याला वही दाखवली. त्यानं माझा एक्केचाळीस बघितला आणि म्हणाला, "मामा, बरोबर आहे. पण हे दोन माणसांचं सरासरी वय काढल्यासारखं आहे."

"म्हणजे?"

"मी कुठं बसलो होतो ते लिहा की."

खतावणी परत केली, या वेळी जागेप्रमाणं. पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर आणि त्याच्या आदल्या जागेवर, म्हणजे जिथं बोलायची पाळी शेवटी येते तिथं, पोरगं शंभरात पासष्ट हात खेळत होतं. सुरुवातीच्या दोन जागांवर अठरा. मी त्याला नेमका भिडलो होतो तो अठरातला. सौद्यातसुद्धा सगळ्यांची तोंडं बघून शेवटी बोलणाऱ्याचं भागतं, पहिला बोलणारा आंधळ्यासारखा बोलतो. वर एक साधी गोष्ट: हातात दोन वेगवेगळी पानं असली तर फ्लॉपला त्यातल्या एकाची जोडी लागायची शक्यता जेमतेम तीनात एक. तीनातले दोनदा समोरचा रिकामाच असतो. तो रिकामा आहे हे बघून शेवटचा माणूस लावतो आणि ढीग घेऊन जातो. हातात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही." हाडाचा दाजींचा मुलगा.

वहिनींचं पान सगळ्यात छोटं. तेवीस, आणि आल्या की बहुतेक वाढवूनच. निवडून खेळणं आणि खेळलं की ठोकणं, याच्यावर उपाय नाही. वाटेतून बाजूला व्हायचं. आणखी एक सवय मी टिपली होती. पानं वाटली की आम्ही सगळे उचलून बघतो. वहिनी बघत नाहीत. त्यांची पाळी येईपर्यंत त्यांची पानं तशीच पालथी, आणि त्या आम्ही पानं बघताना आमच्याकडं बघत असतात.

आखाडाच्या तिसऱ्या शनिवारी मी लवकर गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भावजी, त्या वहीत माझं काय लिहिलंय?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. वही दिली. त्यांनी प्रत्येक पान वाचलं, दाजींच्या अकरावर हसल्या, नवऱ्याच्या "ठीक आहे, ठीक आहे"वर जास्त हसल्या. मग मागून पुढं चाळून म्हणाल्या, "आणि तुमचं पान कुठाय?"

पाच खाती होती. सहावं नव्हतं. वीस वर्षं जमाखर्च लिहिणारा माणूस मी.

"मी सांगतो," वहिनी म्हणाल्या. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडं बायकाही "मी सांगतो, मी येतो" असंच म्हणतात.) "पस्तीसेक हात खेळता. वाढवता त्यातले तीन-चार. बाकी सगळ्यात, बघू तरी, म्हणून मागं येता. सरांना नावं ठेवू नका, तुम्ही थोडे कमी सर आहात. आणि पानं चांगली असली की चिंचोके पाच-पाच मोजून लावता, कॅशिअरसारखे. फसवायचं असलं की ओंजळीनं ढकलता."

मी त्या रात्री आणि पुढं कित्येक दिवस माझ्या हातांकडं बघत होतो. खरंच होतं. माल असला की हात आपोआप हिशोबाला लागतो, एकही जास्त जाऊ नये म्हणून. माल नसला की मोजायचं कशाला? लोक म्हणतात समोरच्याचे डोळे बघा, कपाळ बघा, हात थरथरतो का बघा. हात थरथरला तर बहुधा पानं भारी असतात, हे मला भाच्यानं सांगितलेलं, आणि नवखे तिथंच उलटं समजतात. पण या असल्या खुणांवर माझा फार भरवसा नाही, माणसागणिक त्या बदलतात. तरी माझी स्वतःची एवढी ढळढळीत निघाली की मी ठरवलं, हिचा उपयोग करायचा. एकदाच, शेवटच्या रात्री.

शेवटच्या शनिवारी तळाला सर आणि मी होतो, दोघांत पंचवीस चिंचोक्यांचा फरक, मी वर. अकराच्या सुमारास दाजी पत्ते वाटत होते, म्हणजे बोलायला ते शेवटी. मी पहिला, वहिनी दुसऱ्या. दाजींनी आठ केले. माझ्याकडं चौकटचे गुलाम-दश्शी. मी आलो. (वहिनींनी सांगितलं होतं ना, बघू तरी.) वहिनीही आल्या. फ्लॉप राणी, नश्शी, चव्वी. मला राजा किंवा अठ्ठी आली की सीक्वेन्स. दाजींनी पंधरा लावले, आम्ही दोघं आलो. टर्न दुर्री, दाजींनी तीस, परत दोघं आलो. रिव्हर छक्की. माझ्या हातात काही नाही, गुलामच मोठा. समोर बरोबर ऐंशी चिंचोके उरलेले, मध्ये एकशे एकोणसाठ.

मला तेव्हा फक्त वहिनी दिसत होत्या. मी सावकाश मोजायला घेतलं. पाच, दहा, पंधरा. ऐंशीपर्यंत, पाच-पाचाचे सोळा ढीग, एका ओळीत. वहिनींची नजर माझ्या बोटांवर होती ती मला जाणवत होती. त्या थांबल्या, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही पानं उघडी करून टाकली. एक्का-राणी. "मी टाकतो."

काय आनंद झाला म्हणून सांगू! राणीची जोडी, वर एक्का, आणि माझ्या सोळा ढिगांनी ती टाकायला लावली. मी हात पुढं केला चिंचोके ओढायला.

"थांबा की पावणं," दाजी म्हणाले, अगदी हळू. "किती हायत? ऐंशी?" आणि त्यांनी ऐंशी घातले. हातात दोन नश्श्या.

रविवारी पाऊस उघडला नाही. जेवणं झाल्यावर मी परसात पत्र्याखाली पातेली घेऊन बसलो आणि वहिनी खरकटी ताटं आणून ठेवत होत्या. मी म्हटलं, काही म्हणा वहिनी, तुमची एक्का-राणी तरी मी टाकायला लावली.

त्या ताटं ठेवता ठेवता थांबल्या. "तुमच्यासाठी कुठं टाकली? वही वाचल्यावर तुम्ही मोजणारच हे मला ठाऊक होतं. दाजींसाठी टाकली. पानं वाटल्यापासून एक शब्द बोलले नव्हते ते. तुम्हाला दिसलं नाही?"

वर माडीवरून दाजींचा आवाज येत होता, कुणाला तरी तो हात पहिल्यापासून सांगत होते. गल्लीतलं कुत्रं भुंकत होतं. तांबड्याचं पातेलं तसं लवकर निघतं. पांढऱ्याचं खोबरं बुडाला धरतं, त्याला राख लावून अर्धा तास ठेवावं लागतं.